राजाच्या थडग्यातली चूल

सन दोन हजार तेवीस. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं आणि त्या वर्षी मी भ्यायला शिकलो. चौथीनंतर शाळा सोडून वडिलांच्या पिठाच्या गिरणीत उभा राहिलो. एकदा चालू पट्टा तुटून कानाजवळून सणसणत गेला, तेव्हाही मी मागे सरलो नव्हतो. गावात कुणाला विचारा. पण त्या वर्षी इंग्लंडात, लेकाच्या घरात, बायको डोळ्यांआड झाली की मी हातातलं टाकून खोल्या शोधत फिरायचो.

आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी मिल्टन कीन्सला आलो होतो. लेक आणि सून दोघंही कॉम्प्युटरच्या नोकरीत. घर चांगलं, गरम. पण बाहेर सगळे चौक गोल आणि सगळे सारखे. डोकं जाग्यावर असलेला माणूससुद्धा तिथं चुकतो, आणि आमच्या हिचं डोकं आता जाग्यावर राहत नव्हतं. आधी आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं. मग हिला माणसं आठवेनाशी झाली. एकदा मी आंघोळीला गेलो आणि ही घरातल्या चपलांवर लाल पायवाटेनं चालत निघून गेली. शेजारच्या गोऱ्या बाईनं हात धरून परत आणली. तेव्हापासून मी आंघोळीचं दार अर्धं उघडं ठेवायचो. सून घरात असली तरी. काय म्हणायचं ते म्हणू दे.

लेकानं मग विषय काढला. पुण्यात म्हणे अशा म्हाताऱ्यांसाठी एक घर निघालंय.

"बाबा, तिथं सगळी सोय आहे. नर्स चोवीस तास. बाग आहे, टीव्ही आहे, जेवण वेळेवर. आई बाहेर जाऊ नये म्हणून दाराला कोडवालं लॉक. तुम्ही रोज भेटायला जा ना."

"कुलूप लावून ठेवायला ती काय धान्य आहे?"

"प्रॅक्टिकली विचार करा. तुम्हाला एकट्याला जमणार आहे का?"

"आजवर जमलं ते काय तू येऊन केलंस?"

असं आमचं रोज चालायचं. शेवटी त्यानं त्या लोकांचा व्हिडिओ कॉल सोमवारचा ठरवूनच टाकला. हिच्या कोटात नाव आणि फोन नंबर लिहिलेलं कार्ड ठेवू या, असंही त्यानं सुचवलं. ते मी उडवून लावलं. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा बांधतात तसं माझ्या बायकोला कुणी कार्ड लावायचं नाही. माझी बायको मी सांभाळतो. ती एकदाही माझ्या हातून सुटली नाही हे दाखवलं की पोरगा गप्प बसेल, असा माझा हिशोब.

आणखी एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे. सून प्रेमानं हिला रोज विचारायची, "आई, तुमचं नाव काय?" डॉक्टरनं सांगितलं होतं म्हणे विचारत जा. ही कधी बरोबर सांगायची, आणि कधी माहेरचं नाव सांगायची. माहेरचं निघालं की माझं डोकं फिरायचं. "ते नाव गेलं! लग्नात बदललं. तांदळात लिहिलंय मी, या बोटानं. नीट सांग." मग ही माझ्याकडं बघत बसायची आणि घाबरून मी म्हणेन ते नाव सांगायची. दोन्ही नावं मी इथं लिहीत नाही. आमच्या पिढीत बायकोचं नाव असं चारचौघांत मांडायची पद्धत नव्हती. मी जन्मभर "अगं ए" म्हणत आलो आणि तेवढ्यावर सगळा संसार झाला.

सोमवारच्या आधीच्या शनिवारी सुनेनं लंडनच्या एका म्युझियमची तिकिटं काढली. चीनच्या पहिल्यावहिल्या राजांच्या थडग्यांतून निघालेल्या वस्तू तिथं मांडल्या होत्या. मी म्हटलं, "मेलेल्यांचं सामान बघायला कशाला एवढ्या लांब जायचं?" सून म्हणाली, "बाबा, आईंना जरा चेंज. आणि मातीचे सैनिक आहेत, माणसाएवढे. तुम्हाला आवडतील." ट्रेननं निघालो. सगळा वेळ मी हिचं मनगट धरून बसलो होतो.

आत शिरलो आणि मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. सगळा अंधार केलेला. उजेड फक्त काचेतल्या वस्तूंवर. माणसं हळू बोलत होती, पावलांचा आवाज होत नव्हता. पहिल्याच भिंतीवर एक मोठा फोटो होता: जमिनीत खोल चौकोनी खड्डा, मधोमध राजाची जागा आणि कडेनं ओळीनं माणसांची हाडं. सून पाटी वाचून सांगत होती. "हा सगळ्यात जुना काळ. हे त्याचे नोकर. राजा गेला की त्याच्या सेवेला बरोबर पुरायचे."

आमची ही फोटोला नाक लावून बघत होती. म्हणाली, "मेल्यावर का जित्यापणी?"

लेक म्हणाला, "चला, पुढं जाऊ या."

पुढं एका काचेत एक आख्खा माणूस निजवलेला होता, हिरव्या दगडाच्या चकत्यांचा. डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत चौकोनी चकत्या, तारेनं शिवलेल्या. तोंडावरसुद्धा दगडच. हा नंतरच्या काळातला कुणी राजा. शरीर कुजू नये म्हणून हा पोशाख. आत आता काही नव्हतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. ही मात्र काचेवर बोटानं टकटक करायला लागली. "ह्याला आत गुदमरत असंल. सोडवा की कुणीतरी." गार्डनं मान हलवून नको म्हटलं. मी तिचा हात खाली घेतला. तो गार पडला होता.

सून म्हणाली, "हे बघा बाबा, गंमत. राजा जिवंत असताना त्याचं नाव कुणी उच्चारायचं नाही. आणि आपण जे नाव वाचतोय ते त्याला मेल्यावर दिलेलं. म्हणजे हे नाव त्याला स्वतःला माहीतच नव्हतं."

"मग आता त्या नावानं हाक मारली तर ओ कोण देणार?" मी म्हटलं.

लेक हसला. बऱ्याच दिवसांनी आम्ही बापलेक एका गोष्टीवर हसलो.

सैनिकांच्या दालनापाशी एक बाक होता. हिचे पाय दुखायला लागले होते. दोघांना म्हटलं, "तुम्ही जा, चहाकॉफी घ्या. आम्ही इथं बसतो."

लेकाच्या कपाळाला आठी पडली. "नक्की? आई उठली तर?"

"मी काय झोपायला बसलोय?"

ते गेले. समोर मातीचे सैनिक उभे होते, माझ्याहून वीतभर उंच, डोळे उघडे. प्रत्येकाचा चेहरा वेगळा. ही त्यांच्याकडं बघून डोक्यावरून पदर घेऊ लागली. पदर कुठला, कोट होता. कानटोपी काढून मांडीवर ठेवली आणि गप्प बसली. मला आठवलं, सुनेनं सांगितलं होतं की ज्या कारागिरांनी हे घडवले त्यांची नावं अंगावर ठोकून ठेवलीत. काम चुकलं तर धरायला. गिरणीच्या लोखंडी चाकावरही बनवणाऱ्याचं नाव ओतलेलं असायचं. म्हटलं, बघू तरी. बाकाच्या कडेनंच एका सैनिकाच्या पाठीकडं जाता येत होतं. गेलो, टोपी सावरत वाकलो. काही दिसलं नाही. दुसऱ्याच्या पाठीशी गेलो.

वळलो तर बाकावर नुसती कानटोपी होती.

आधी वाटलं, आहे इथंच. सैनिकांच्या मधून पाहिलं, पुढून पाहिलं. "अगं ए," मी म्हटलं. मग जरा मोठ्यानं, "अगं ए!" दोनचार गोऱ्यांनी वळून पाहिलं. त्या अंधारात सगळ्यांचे कोट काळे, सगळ्यांच्या पाठी सारख्या. हिच्याएवढी ठेंगणी एक बाई दिसली, मी धावत जाऊन तिचा खांदा धरला. ती चिनी म्हातारी निघाली. ती किंचाळली नाही, पण माझ्या चेहऱ्यावरची भीती तिला दिसली असावी, कारण तीच मला धीर द्यायला लागली. आपापल्या भाषेत आम्ही एकमेकांना काहीतरी सांगितलं आणि मी पुढं पळालो.

मनात काय काय आलं ते सांगतो. बाहेर रस्ता. बस. नदी. तिला भाषा येत नाही, कोटात कार्ड नाही, ते मीच ठेवू दिलं नव्हतं. आणि पोलिसांनी तिला शोधून दिली तरी सोमवारचा तो कॉल होताच. आता लेकाला काय तोंड दाखवू? एकदा कुलपाआड गेली की ती आत कुणालातरी म्हणेल, मला गुदमरतंय, सोडवा, आणि नर्स येऊन तिचा हात खाली घेईल.

एक गार्ड बाई आली. काळ्या पोशाखातली, हातात बोलायचा डबा. तिनं बरंच काही विचारलं, मला एवढंच कळलं: नेम? नेम?

मी तिचं लग्नातलं नाव सांगितलं. परक्या बाईसमोर बायकोचं नाव घेतलं, जीभ जड झाली होती तरी घेतलं. तिला नीट जमेना, म्हणून परत परत घेतलं. तिनं ते डब्यात सांगितलं. मग इकडून तिकडून गार्ड लोक त्यांच्या वेड्यावाकड्या उच्चारात माझ्या बायकोला हाक मारत फिरायला लागले. त्या अंधारात, थडग्यातल्या वस्तूंमधून, ते नाव घुमत होतं आणि कुठूनच उत्तर येत नव्हतं. हिरव्या दगडाच्या त्या माणसाच्या काचेला मी टेकलो.

आणि माझंच बोलणं मला आठवलं. ओ कोण देणार?

मला ते करायचं नव्हतं. खरं सांगतो, त्या क्षणीही करायचं नव्हतं. ते नाव घ्यायचं म्हणजे मी दिलेलं तिच्या डोक्यातून पुसलं गेलं असं मान्य करायचं. एवढी वर्षं, पोरं, गिरणी, सगळं त्या नावावर झालेलं. पण जिवापुढं कसला मान. मी तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली. पहिल्यांदा तोंडातल्या तोंडात. दुसऱ्यांदा मोठ्यानं मारली.

"ओ!"

कोवळा, खणखणीत आवाज. शेतातून बांधावर द्यावा तसा.

सैनिकांच्या पलीकडं एक छोटी खोली होती, मला ती दिसलीच नव्हती. तिथं काचेत मातीचं सगळं घर मांडलेलं होतं. मेलेल्या माणसाला त्या जगात लागेल म्हणून बरोबर दिलेलं: हातभर चूल, तिच्यावर भांडी, विहीर, कणगी, डुकरांचा गोठा, एवढंसं जातं. आणि त्या चुलीपुढं, फरशीवर, आमची ही मांडी घालून बसली होती. नंतर कळलं, एक गार्ड तिच्या शेजारून हाका मारत दोनदा गेला होता. हिनं मानही वळवली नव्हती. ते नाव तिचं नव्हतंच.

माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, "ऊठ, चल."

तिनं वर पाहिलं. ओळख नाही. ती जरा सरकून बसली. "आजोबा, कुणाकडं आलात?"

मी उभाच राहिलो. हात धरून ओढली असती, तर ती ओरडली असती. दाराशी गार्ड बाई येऊन थांबली होती. परका म्हातारा पोरीला ओढतोय, अशा नजरेनं ही माझ्याकडं बघत होती. जन्मात माझ्याकडं तसं कुणी बघितलं नव्हतं. मला तिची भीती वाटली आणि तिला माझी.

मी हळूच फरशीवर बसलो. गुडघे कुरकुरले.

"तुमच्याकडंच आलो," मी म्हटलं.

"आबा मळ्यात गेलेत. आई पाण्याला गेलीया. बसा, येतील." मग माणूस आला म्हणून चौकशी: "गाव कुठलं तुमचं?"

मी गाव सांगितलं. ती लाजली. आवाज उतरवून म्हणाली, "त्या गावचं स्थळ आलंय मला. गिरणीवाले."

"मुलगा कसा आहे?"

"लई ताठ. एक शब्द बोलला न्हाई. आणि जाताना चप्पल घालायला वाकला तर टोपी पडली." तिनं तोंडावर हात धरून हसू दाबलं. "आमची धाकटी त्याला टोपीराव म्हणते."

हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

"मग? होकार देणार का?"

"मला कोण विचारतंय!" ती चुलीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तिकडं गेल्यावर नाव बदलत्यात. आई म्हणती, सवय हुती. पण आजोबा, मला कुणी शोधत आलं, आणि जुन्या नावानं विचारलं, तर ती माणसं म्हणतील अशी कुणी हितं ऱ्हात न्हाई."

मी म्हटलं, "शोधणारा विचारत बसत नाही. येतो सरळ." आणि मग, "चल, तुला आईकडं सोडतो. पाण्यावरून येईल ती वाटेत."

ती विचार करत होती. माझ्या चेहऱ्यात तिनं काय पाहिलं देव जाणे. उठली आणि म्हणाली, "तुम्ही पुढं व्हा. मी मागनं येते. परक्या माणसाबरोबर दिसले तर आबा रागावतील."

मी पुढं झालो. हातात हात नाही. मागं वळून बघावं तर ती बिचकेल, न बघावं तर आहे का गेली कळायचं कसं? सैनिकांच्या रांगेतून जाताना माझे कान पाठीला फुटले होते. तिच्या बुटांचा आवाज त्या गालिच्यावर येतच नव्हता. ते मातीचे डोळे मला बघत होते, तिला बघत होते, आणि मलाच तेवढं बघता येत नव्हतं. मी दबक्या आवाजात ते नाव घेतलं. मागून आलं, "ओ." हिरव्या दगडाच्या माणसापाशी पुन्हा घेतलं. "ओ. आहे की!" हाडांच्या फोटोपाशी घेतलं तेव्हा उत्तर आलं नाही. मी पाऊल थांबवलं. मग अगदी पाठीशी, हळूच: "ओ." तिनं माझ्या कोटाची मागची कड चिमटीत धरली होती.

दाराशी लेक आणि सून उभे होते. सुनेचे डोळे रडून लाल. गार्डनं त्यांना सगळं सांगितलं होतं.

"बाबा, झालं समाधान?" लेकाचा आवाज थरथरत होता. तोही भ्याला होता, हे मला तेव्हा दिसलं. "आता तरी ऐका. तिथं सगळी सोय आहे."

"त्या राजाकडंही सगळी सोय होती," मी म्हटलं. "चूल, विहीर, नोकर. बघून आलो."

"बाबा, कशाची तुलना कशाशी करताय?"

"एक सांग. तिथं तिला कोणत्या नावानं हाक मारतील?"

"म्हणजे काय? पासपोर्टवर आहे त्या."

"ती ओ देणार नाही. गार्डला विचार. दिवसभर हाका मारतील आणि लिहून ठेवतील, ऐकू येत नाही. तिला तिथं ठेवायची तर मलाही ठेव. त्या जुन्या नोकरांना बांधून नेलं होतं. मी आपल्या पायांनी जातो."

सुनेनं हिच्या कोटाची बटणं लावली, कानटोपी घातली आणि माहेरच्या नावानं, अहोजाहो न करता, मैत्रिणीला म्हणावं तसं म्हणाली, "चल गं, ट्रेननं जायचं ना?" ही लगेच तिचा हात धरून निघाली.

ट्रेनमध्ये लेक म्हणाला, "सोमवारचा कॉल मी कॅन्सल करतो. पण पुढचं मला माहीत नाही, बाबा. खरंच नाही माहीत."

"मलाही नाही," मी म्हटलं. "आणि ते कार्ड लिही. दोन्ही नावं घाल."

त्या रात्री ही सुनेजवळ आमच्या खोलीत झोपली. परक्या म्हाताऱ्याच्या खोलीत कशी झोपेल? मी बैठकीच्या सोफ्यावर पडलो. भीती गेली नव्हती. ती आता माझ्याबरोबर राहणार, हे मला समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून खाली स्वयंपाकघरात आली. मी आलं घालून चहा केला, कप बशीत ठेवला आणि जिना चढलो. आत कोण जागी झाली असेल, माझी बायको का ती मुलगी, ते मला ठाऊक नव्हतं. कपाळावर आलेली टोपी सारखी केली. मग माझ्याच खोलीच्या दारावर टकटक केली, तिचं ते पहिलं नाव घेतलं आणि विचारलं, आत येऊ का.